सत्तावीस नंबर

अतिचंचल मुलांसाठी डॉक्टर मागतात तो सव्वीस प्रश्नांचा फॉर्म भरायला मला अकरा मिनिटं लागतात. नव्या शिक्षिका तासभर घोळ घालतात, 'कधीकधी' वर खूण करायची की 'बऱ्याचदा' वर, या विचारात पेन चावत बसतात. माझा हात बसलाय. तेवीस वर्षं तैवानातल्या चियाईच्या एकाच शाळेत पहिलीचा वर्ग घेतेय. पोर दारातून आत येताना दप्तर कसं टाकतं त्यावरून मी सांगू शकते की हे प्रकरण डॉक्टरकडे जाणार. शाळेत म्हणतात, तिंग बाईंची नजर आणि हॉस्पिटलचं मशीन, दोन्ही सारखीच. मी वरवर "काहीतरीच" म्हणायचे, पण आतून आवडायचं.

मी भरून दिलेला एकही फॉर्म आजवर "पोर ठीक आहे, काही करायला नको" असं उत्तर घेऊन परत आला नव्हता. प्रत्येक वेळी निदान तेच, आणि बहुतेक वेळा सोबत गोळ्या. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही. मला तो माझ्या नजरेचा दाखला वाटायचा.

खांग मिन-शी गेल्या ऑगस्टच्या तीस तारखेला माझ्या वर्गात आली. पटावर सत्तावीस मुलं होती आणि तिचा नंबर सत्तावीस. आमच्या शाळेत नंबर जन्मतारखेने लावतात. सप्टेंबरात जन्मलेली पोरं आधी, मग ऑक्टोबरची, असं करत करत पुढच्या ऑगस्टची सगळ्यात शेवटी. एक सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण झाली की पहिलीत, दोन तारखेला झाली की एक वर्ष थांबा. हे मला तोंडपाठ होतं, कारण नंबरपट्ट्या मीच चिकटवते, बुटांच्या फडताळावर, खुर्चीच्या पाठीवर, पाण्याच्या बाटलीवर. चिकटवताना विचार करायचं काही कारण नसतं.

मिन-शीला सहा पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. खुर्चीवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ते हलत राहायचे, आणि त्यांच्यामागून खुर्ची, आणि दिवसातून एकदा तरी खुर्चीसकट ती खाली. पहिले दहा आठवडे आम्ही फक्त चिनी अक्षरांआधीची उच्चारचिन्हं शिकवतो. सदतीस चिन्हं. निम्म्याहून जास्त पोरं ती खाजगी वर्गात आधीच घोटून आलेली असतात. तिसऱ्या आठवड्यात मिन-शीला नऊ येत होती. भिंतीवरच्या पाली किती, त्यांतल्या शेपटी तुटलेल्या किती, हे मात्र तिला रोज सकाळी ठाऊक असायचं आणि ते मला सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"बाई, आज चार. ती मोठी ट्यूबलाइटच्या मागे गेली."

"मिन-शी, मी काय विचारलं?"

"काय विचारलं?"

वर्ग खो-खो हसायचा. मी नाही हसायचे. मंगळवारी दुपारच्या जेवणानंतर सगळी मुलं बाकावर हातांची उशी करून चाळीस मिनिटं झोपतात. तेव्हा ही शेजारच्याच्या कानात कुजबुजायची. मैदानावर रांग लावली तर सत्ताविसावी जागा रिकामी, आणि सत्ताविसावी स्वतः गुडघ्यावर बसून मुंग्यांची रांग बघतेय.

रोज संपर्कवही घरी जाते, आईबाप सही करतात, सकाळी ती परत येते. तिच्या वहीत मी लाल पेनाने लिहीत गेले. आज चार वेळा जागेवरून उठली. शुद्धलेखन अर्धंच. झोपेच्या वेळी दुसऱ्यांना त्रास. कृपया लक्ष द्या. हे शेवटचं वाक्य मी किती वेळा लिहिलं ते मला नंतर कळलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या आईला बोलावलं. वेन-लिंग आणि तिची सासू शाळेमागच्या गल्लीत नाश्त्याचं दुकान चालवतात. नवरा काओशिउंगच्या बंदरात नोकरीला, शनिवारी येतो. ती ॲप्रन न काढताच आली होती, अंगाला तव्याचा वास होता.

"बाई, ती हट्टी आहे की आजारी आहे?" बसता बसताच तिने विचारलं. "हट्टी असेल तर मी बघते. आजारी असेल तर मी तिला उगाच मारलं म्हणायचं."

"ते डॉक्टर सांगतील. मी फक्त फॉर्म भरून देते."

"आणि आजारी निघाली तर?"

"तर गोळी असते. हल्ली प्रत्येक वर्गात दोघं-तिघं घेतातच. चष्मा लावतो ना, तसं."

चष्म्याचं उदाहरण मी तेवीस वर्षं देतेय. ते नेहमी लागू पडतं. वेन-लिंगचा चेहरा सैलावला. त्याच दुपारी मी फॉर्म भरला, अकरा मिनिटांत. डॉक्टरांनी सहा आठवडे घरी वळण लावायचे उपाय सांगितले, पण पहाटे चारला दुकान उघडणाऱ्या बाईला चार्ट करून तारे चिकटवायला वेळ कुठला. दुसऱ्या आठवड्यातच ती परत गेली आणि नोव्हेंबरच्या मध्यात गोळी सुरू झाली.

गोळी खोटी नव्हती, हे आधी सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी मिन-शी खुर्चीवर बसली आणि बसून राहिली. अक्षरं चौकटीच्या आत आली. डिसेंबरात तिने चाचणीत ब्याऐंशी गुण मिळवले. मी वहीत लाल पेनाने लिहायचं थांबवलं, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. वेन-लिंगने एकदा सकाळी शिक्षकखोलीत अंडं घातलेली धिरडी पाठवली, सगळ्यांना पुरतील एवढी. सहकारी म्हणाल्या, "तिंग बाईंनी अजून एक वाचवली." मी दोन धिरडी खाल्ली.

पाली किती ते मला आता कोणी सांगत नव्हतं. ते मला त्या वेळी जाणवलंही नाही.

मंगळवारी आमची पहिली-दुसरी जेवणानंतरही थांबते, बाकीचे दिवस जेवायच्या आत घरी. त्या वर्षी हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस मंगळवारी आला. त्या दिवशी तांगयुएन खायचे असतात, तांदळाच्या पिठाचे गुलाबी-पांढरे गोळे, गोड पाकातले. ते खाल्ले की माणूस एका वर्षाने मोठं होतं म्हणतात. शाळेच्या जेवणातही तेच होते. पोरं आपापले गोळे मोजत होती, मी सात, मी आठ. मिन-शीची वाटी तशीच भरलेली. तिच्या ताटातला भातही तसाच. महिनाभर असंच चाललं होतं. गोळीने भूक मरते, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आम्ही मान डोलावली होती.

मुलं झोपायच्या बेतात असताना दारात तिची आजी उभी राहिली. हातात डबा. ठेंगणी, काटक बाई, हातांवर तेलाचे डाग. मी आजी-नातीला बाहेर व्हरांड्यात बसवलं.

"बाई, राग मानू नका," आजी म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या, मी धिरडी उलटणारी. पण ही पोर घरात पाहुणी आल्यासारखी बसते. काही विचारलं तर उत्तर देते. विचारलं नाही तर बोलतच नाही. कोंबडीचं सूप केलं, दोन चमचे. आज म्हटलं निदान एक तांगयुएन तरी हिच्या पोटात जाऊ दे."

"आजी, अभ्यासात फरक पडलाय. ब्याऐंशी मिळाले."

"ब्याऐंशीच ना? तिला शंभर मिळायला हवेत. मी तिच्या जन्माचा मुहूर्त काढलाय."

मला हसू आलं. ते तिला दिसलं.

"हसा. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख चौदा सप्टेंबर सांगितली होती. मी देवळामागच्या ज्योतिष्याकडे गेले, कुंडल्या मांडून घेतल्या. त्याने अख्खा सप्टेंबर बाद केला. म्हणाला, अठ्ठावीस ऑगस्ट, सकाळी सात ते नऊच्या आत. त्या घटकेची मुलगी लेखणीवर जगेल, कुणाच्या मागे राहणार नाही. मग ऑपरेशन करून त्या दिवशी काढली. आठ वाजून दहा मिनिटं. सूनबाई पण खूश होती. म्हणाली, एक सप्टेंबरच्या आत आली, शाळेचं वर्ष वाया गेलं नाही." तिने डबा उघडला. "इतक्या चांगल्या घटकेच्या पोरीत दोष कसा निघेल? मला तर वाटतं, दोष तुमच्या फॉर्मात आहे."

"फॉर्म अमेरिकेतून आलाय, आजी. ज्योतिष्याकडून नाही."

"मग त्यांना काय माहीत आमची पोर?"

उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझंही कधी कधी होतं, पण म्हाताऱ्या माणसाशी किती वाद घालणार. आजीने चमच्यात एक गुलाबी गोळा घेतला आणि नातीच्या तोंडाशी धरला.

"खा गं आ-शी. एक खाल्लास की एका वर्षाने मोठी."

मिन-शीने गोळ्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे, मोठ्या माणसासारखी म्हणाली, "नको आजी. मी नंतर मोठी होते."

आजीने चमचा परत डब्यात ठेवला. झाकण लावताना तिला दोनदा लावावं लागलं.

चौदा सप्टेंबर. ती तारीख माझ्या डोक्यात घर करून बसली. रात्री भांडी घासताना मी हिशेब केला, जो पहिली शिकवणाऱ्या बाईने आधीच करायला हवा होता. मुहूर्ताच्या मागे लागले नसते तर ही पोर चौदा सप्टेंबरच्या आसपास जन्मली असती. म्हणजे यंदा ती पहिलीत नसतीच. शेजारच्या बालवाडीत असती, आणि तिथे सगळ्यात मोठी.

दुसऱ्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी बालवाडीत गेले. आमच्याच आवारात आहे, मध्ये फक्त एक आंब्याचं झाड. मोठ्या गटाच्या हुआंग बाईंना म्हटलं, "जरा बसते मागे." त्यांनी लाकडी स्टूल दिलं.

त्यांच्या वर्गात पिन-यान नावाची मुलगी होती. सर्वांना पाणी वाटणं, रांगेपुढे झेंडा धरणं, रडणाऱ्याला टिश्यू नेऊन देणं, सगळं तिच्याकडे. गोष्ट सांगायला सुरुवात झाली तशी ती दोनदा उठली, एकदा मध्येच ओरडली, "पण कासव पोहतं ना!" आणि मग खुर्चीवर गुडघे रोवून उलटी बसली. हुआंग बाईंनी तिला नुसतं खांद्याला धरून सुलटं केलं आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.

"ही कोण?" मी नंतर विचारलं.

"माझा उजवा हात. फार चुणचुणीत आहे. पुढच्या वर्षी तुझ्याकडे येईल, सांभाळ."

"जन्मतारीख काय?"

"पाच सप्टेंबर. का गं?"

मिन-शीपेक्षा आठ दिवसांनी लहान. मी विचारलं, "ती मध्ये मध्ये उठते, त्याचं काय करतेस?"

हुआंग बाईंना प्रश्नच कळला नाही. "सहा वर्षांची पोर उठणारच. तुझी उठत नाहीत?"

"उठतात," मी म्हटलं. "आम्ही फॉर्म भरतो."

वर्गात परत येऊन मी खालचा खण उघडला. एका बापाने एकवीस वर्षांपूर्वी माझ्याशी भांडण काढलं होतं, तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मची झेरॉक्स ठेवते. चौतीस निघाले. कोपऱ्यात वर वर्ग, वर्ष आणि पटावरचा नंबर. मी ते जमिनीवर पसरले आणि नावं न वाचता नुसते नंबर वाचत गेले. सव्वीस. चोवीस. अठ्ठावीस, त्या वर्षी पट तीसचा होता. एकवीस. सहा. सत्तावीस. पंचवीस. पंचवीस.

चौतीसपैकी तेवीस मुलं वीसच्या पुढची होती. सगळ्या महिन्यांत सारखं वाटप असतं तर नऊ-दहा निघायला हवी होती. शेवटच्या पाचांतलीच सोळा.

मी जमिनीवरच बसून राहिले. मला माझी लाज वाटली. नंबरपट्ट्या माझ्याच हाताने चिकटवलेल्या होत्या, दर वर्षी, तेवीस वर्षं.

त्यांतला सहा नंबर मला चांगला आठवतो. छंग-हान, ऑक्टोबरचा, वर्गात जवळजवळ सगळ्यात मोठा. तो दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर चढून चालायचा आणि खाली मोटारसायकल दिसली की रस्त्यावर धावायचा. त्याला गोळीने वाचवलं. आता तो रेल्वे स्टेशनजवळ गॅरेज चालवतो, माझी स्कूटर तोच दुरुस्त करतो. त्याच्यापुढे कुणी म्हणालं की हा आजार डॉक्टरांनी पैशासाठी काढलाय, तर तो हातातला पाना खाली ठेवून भांडायला उभा राहतो. तो खोटं बोलत नाही. पण छंग-हान एक होता. वीसच्या पुढच्या त्या तेवीस जणांत किती छंग-हान होते आणि किती नुसती लहान होती, हे आता मला कोण सांगणार? काही कॉलेजात गेलीत. एकाचं लग्न झालं, मी आहेर केला होता.

जानेवारीत हॉस्पिटलकडून मिन-शीसाठी दुसरा फॉर्म आला. औषध चालू ठेवायचं का, वाढवायचं का, हे शिक्षकांच्या उत्तरांवरून ठरणार होतं. पहिल्या पानावर एक ओळ छापलेली आहे, समवयस्क मुलांच्या तुलनेत उत्तर द्यावे. ती ओळ पहिल्यापासून तिथेच आहे. मी नेहमी वर्गाशी तुलना करत आले. वर्ग म्हणजे समवयस्क, असंच आम्ही सगळे धरून चालतो. एका वर्षाची सगळी पोरं एका वयाची.

मी फॉर्म घेऊन दुकान बंद व्हायच्या वेळी गेले. वेन-लिंग तवा खरवडत होती, सासू मागे सोयाबीनचं दूध गाळत होती. मी सगळं सांगितलं. पिन-यानचं, खणातल्या चौतीस कागदांचं. म्हटलं, "सुट्टीत गोळी थांबवून बघूया का, असं डॉक्टरांना विचारू. मी बरोबर येते. माझी चूक झाली असेल."

मागून आजी म्हणाली, "मी सांगत होते."

"आई, तुम्ही थांबा जरा." वेन-लिंगने खरवडणं थांबवलं नाही. "बाई, माझ्या पोरीला ब्याऐंशी मिळाले. आता तिला वाढदिवसांना बोलावतात. आधी कोणी बोलावत नव्हतं. आणि तुम्ही म्हणता थांबवा."

"बघूया म्हणते. लागली तर परत सुरू करतील."

तिने हात पुसले, आत गेली आणि संपर्कवही घेऊन आली. सप्टेंबरपासूनची पानं उलटत तिने ती माझ्यापुढे काउंटरवर ठेवली. लाल, लाल, लाल. एका पानावर तीन ओळी. कृपया लक्ष द्या, कृपया लक्ष द्या.

"मी पहाटे साडेतीनला उठते," ती म्हणाली. "रात्री आठला ही वही उघडायचे. वाचायचे आणि तिला रागवायचे, रोज. कधी मारलंही. ती झोपेत म्हणायची, मी बसते, मी बसते. गोळी सुरू झाली आणि तुम्ही लिहायचं थांबवलं. मला वाटलं, औषध तिला लागू पडलं आणि मलाही. आता तुम्ही म्हणता, तिला काही नव्हतंच. मग हे सगळं कोणी लिहिलं होतं, बाई?"

अक्षर माझंच होतं, आणि माझं अक्षर फार सुंदर आहे, फळ्यावर त्याचं कौतुक होतं.

"मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "आणि खरं लिहिलं होतं. ती उठतच होती. पण तिच्या वयाची पोर तेवढी उठतेच, हे मी लिहिलं नाही. कारण मला ते दिसलंच नाही."

आजी दुधाचं फडकं हातात घेऊन पुढे आली होती. वाद घालायला आली असावी. पण सुनेच्या चेहऱ्याकडे बघून तिने स्टूल ओढलं आणि तिला खांद्याला धरून त्यावर बसवलं. "अठ्ठावीस तारीख मी काढली," ती म्हणाली. "बोलायचं तर मला बोल." वेन-लिंगने वही मिटली आणि विचारलं, "हॉस्पिटलला किती वाजता?"

फॉर्म मी बालवाडीतल्या त्या स्टुलावर बसून भरला. प्रत्येक प्रश्नाला मान वर करायची, सहा वर्षांच्या त्या चार-पाच मुलींकडे बघायचं, मग औषध सुरू होण्याआधीची मिन-शी आठवायची. दोन दुपारी लागल्या.

ल्येन डॉक्टर पन्नाशीचे, बोलता बोलता डोळे चोळणारे. बाहेर साठ जण बसले होते. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "ऑक्टोबरात तुम्ही अठरा ठिकाणी 'फार जास्त' लिहिलंय. आता त्याच काळाबद्दल पाच ठिकाणी. मुलगी तीच?"

"मुलगी तीच. तेव्हा मी वर्गाशी ताडून पाहिलं होतं. आता तिच्या वयाच्या मुलांशी."

त्यांनी संगणकाच्या पडद्यावर तिची नोंद उघडली. "जन्मतारीख माझ्याही समोर होती," ते म्हणाले. "मी सहा पूर्ण आहेत का एवढंच बघितलं. सहाच्या आत औषध देत नाहीत, म्हणून." मग वेन-लिंगकडे वळून म्हणाले, "तिला हा आजार नाही असं मी आज म्हणणार नाही. असेलही. आठ वर्षांची होईल तेव्हा जास्त स्पष्ट दिसेल. सुट्टीत औषध बंद ठेवू, शाळा उघडल्यावर सहा आठवडे बघू. खरी गरज दिसली तर परत देईन. तेव्हा मात्र मला अडवू नका. बाईंनी पण."

"नाही अडवणार," मी म्हटलं.

"आणि ती उठली, पडली, बडबडली तर वर्गात कोण बघणार?"

खोलीतल्या दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

चांद्र नववर्षाची सुट्टी संपली. फेब्रुवारीत शाळा उघडली त्या सकाळी मी मिन-शीची खुर्ची बदलून बालवाडीतली बुटकी खुर्ची आणली होती, तिच्या मापाचं बाकही. पाय जमिनीला टेकले. ती दप्तर टाकून सरळ माझ्या टेबलाशी आली. गाल जरा भरले होते.

"बाई, आज गोळी नाही."

"माहितीये."

"मग तुम्ही आज मला रागावणार?"

मी विचार केला. लहान मुलांशी खोटं बोलायचं नाही एवढं एक व्रत मी अजून मोडलेलं नाही. "बहुतेक."

"किती वेळा?"

"तू किती वेळा उठतेस त्यावर."

"तीन चालेल?"

"तीन चालेल."

तिने तीन वेळा दहा वाजायच्या आत संपवल्या. चौथ्या वेळी तिने स्वतःहून दोन्ही हातांनी बाक पकडलं, ओठ आवळले, आणि तरीही उठली. मग मी तिला खडूची पेटी आणायला पाठवलं, नंतर दुधाचे डबे मोजायला, नंतर हजेरी कार्यालयात द्यायला. डोकं दुखलं माझं. सव्वीस पोरांना शिकवताना सत्ताविसावीला सतत काम काढून द्यायचं हे सोपं नाही, आणि ते गोळीइतकं स्वस्तही नाही. एकदा मी खरोखरच रागावले. उच्चारचिन्हं ती अजूनही चुकते.

अकराला मी संपर्कवही उघडली. लाल पेन हातात घेतलं, ठेवलं, निळं घेतलं. लिहिलं: आज आठ वेळा उठली, त्यांतल्या तीन वेळा मीच पाठवली होती. पाली पाच, एक नवीन. वय सहा वर्षं पाच महिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही परत आली. तिच्या कोपऱ्याला तेलाचं बोट उमटलं होतं. माझ्या ओळीखाली वेन-लिंगची सही होती, आणि सहीखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: वाचलं. रागावले नाही.